प्रकाशाचा वेग मोजताना घड्याळापेक्षा फूटपट्टीनेच जास्त अडवलं

प्रश्न असा आहे: "प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो हे शाळेत शिकवतात. पण हे मोजलं कोणी आणि कसं? एवढ्या वेगाला पुरेल असं घड्याळ साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठे होतं? आणि २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद हा आकडा तंतोतंत आहे, त्यात चूक शून्य, असं म्हणतात. मोजमाप म्हटलं की थोडी तरी चूक येणारच ना?"

मी ऑप्टिकल फायबरच्या लाइनवर फॉल्ट शोधण्याचं काम करतो. केबल कुठे तुटली हे आम्ही प्रकाश पाठवून आणि तो परत यायला किती वेळ लागला ते पाहून ठरवतो. त्यामुळे प्रकाशाचा वेग हा माझ्यासाठी रोज हाताळायचा आकडा आहे. इतकी वर्षं तो हाताळल्यावर माझं ठाम मत झालंय, की या सगळ्या कहाणीत लोक घड्याळाकडे बघत बसतात आणि खरी अडचण नजरेतून सुटते. वेळ मोजायची युक्ती दर वेळी कोणी ना कोणी शोधून काढली. शेवटी गाडी अडली ती लांबीवर. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

गॅलिलिओपासून सुरुवात करायची पद्धत आहे, म्हणून एवढंच सांगतो: दोन माणसं कंदील घेऊन लांब उभी राहायची, एकाने झाकण उघडलं की दुसऱ्याचा कंदील दिसताच त्याने आपलं उघडायचं. मधलं अंतर दीड किलोमीटर धरलं तर प्रकाशाला येऊन-जाऊन लागतात १० मायक्रोसेकंद. माणसाचा हात हलायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो, म्हणजे त्याच्या २० हजार पट. प्रकाश तत्काळ पोहोचत नसेल तर तो विलक्षण वेगवान असला पाहिजे, एवढाच निष्कर्ष त्याने काढला आणि तो प्रामाणिक होता.

यातून वाट दोनच: एक तर अंतर प्रचंड वाढवायचं, नाही तर वेळेचे तुकडे फार बारीक करायचे. पहिली वाट आधी सापडली आणि तीही दुसऱ्याच कामातून.

गुरूचा सर्वांत आतला मोठा उपग्रह आयो. तो दर साडेबेचाळीस तासांनी गुरूभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरून बाहेर येतो. आकाशात टांगलेलं हे घड्याळ जगात कुठूनही दिसतं, म्हणून रेखांश काढायला त्याचा उपयोग होईल या हेतूने पॅरिसच्या वेधशाळेत तिथला प्रमुख खगोलशास्त्रज्ञ कासिनी याच्या देखरेखीखाली त्याची कोष्टकं बनवायचं काम चालू होतं. तिथे ओले रोमर नावाचा डॅनिश तरुण होता. कोष्टकं जुळत नव्हती. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की आयो ठरल्या वेळेपेक्षा उशिरा बाहेर यायचा, आणि पृथ्वी जवळ येत असली की लवकर.

यातला आकडा स्वतः काढून पाहण्यासारखा आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते. साडेबेचाळीस तास म्हणजे १,५३,००० सेकंद. तेवढ्या वेळात ती गुरूपासून सरळ दूर जात असेल तर सुमारे ४६ लाख किलोमीटर लांब जाते. हे जादा अंतर कापायला प्रकाशाला लागतात १५ सेकंद. म्हणजे एका फेरीत फार तर १५ सेकंदांचा फरक. त्या काळचं चांगलं लंबकाचं घड्याळ दिवसाला साधारण तेवढंच चुकायचं. एका फेरीवर विसंबलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं. पण हे पंधरा-पंधरा सेकंद फेरीमागून फेरी साठत जातात आणि काही महिन्यांत मिनिटांचा फरक पडतो. मिनिटं मोजायला ते घड्याळ पुरेसं होतं. घड्याळ अपुरं असेल तर घटना लांबवत न्यायची, ही रोमरची खरी हुशारी. १६७६ साली त्याने आधीच सांगून ठेवलं, की ९ नोव्हेंबरला आयो हिशेबापेक्षा दहा मिनिटं उशिरा बाहेर येईल. तसंच झालं.

पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असं रोमरने म्हटलं. खरा आकडा साडेसोळा मिनिटांच्या थोडा पुढे आहे. गंमत म्हणजे रोमरने स्वतः वेगाचा आकडा दिलाच नाही. तो डच शास्त्रज्ञ हायगेन्सने काढला: सेकंदाला पृथ्वीच्या सोळाहून अधिक व्यासांएवढं अंतर, म्हणजे आजच्या मापात दोन लाख किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. कक्षा किती मोठी आहे हेच तेव्हा नुकतं, १६७२ मध्ये मंगळाच्या वेधांवरून, अंदाजे कळलं होतं. म्हणजे पहिल्याच मोजणीत वेळ घड्याळावर दिसली होती आणि अंतर मात्र उसनं घ्यावं लागलं.

इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडलीने १७२८ मध्ये वेळेला हातच लावला नाही, फक्त कोन मोजला. पावसात चालताना आपण छत्री थोडी पुढे कलवतो, तशी पृथ्वी चालत असल्यामुळे ताऱ्याकडे पाहताना दुर्बीण किंचित पुढे कलवावी लागते. ही कलवणी सुमारे साडेवीस विकला, म्हणजे एका अंशाचा पावणेदोनशेवा भाग. सहा महिन्यांनी पृथ्वी उलट दिशेला जाते तेव्हा कलही उलटा होतो. यावरून प्रकाश पृथ्वीच्या वेगाच्या सुमारे दहा हजार पट वेगाने जातो हे मिळालं, आणि सूर्यप्रकाश आपल्याकडे यायला ८ मिनिटं १० सेकंदांच्या आसपास वेळ लागतो हेही. आजचा आकडा ८ मिनिटं १९ सेकंद आहे. फारच सुंदर काम. पण हेही गुणोत्तरच. किलोमीटरमध्ये उत्तर हवं तर पुन्हा कक्षेचा आकार लागणारच.

जमिनीवर बसून मोजणी केली ती फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने, १८४९ मध्ये. या प्रयोगावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आज आम्ही वापरतो त्या उपकरणाचा हा थेट पूर्वज आहे.

पॅरिसजवळ सुरेन इथे एक दुर्बीण, मोंमार्त्र टेकडीवर दुसरी, मध्ये ८,६३३ मीटर. सुरेनला प्रकाशाच्या वाटेत ७२० दातांचं एक चक्र. दोन दातांच्या फटीतून प्रकाश सुटतो, मोंमार्त्रच्या आरशावर आपटतो आणि त्याच वाटेने परत येतो. चक्र हळू फिरत असेल तर तो सुटला त्याच फटीतून परत येतो आणि निरीक्षकाला प्रकाशाचा ठिपका दिसतो. चक्राचा वेग वाढवत नेला की एक क्षण असा येतो, की प्रकाश परत येईपर्यंत फटीच्या जागी शेजारचा दात आलेला असतो. ठिपका विझतो. आणखी वेग दुप्पट केला तर पुढची फट समोर येते आणि ठिपका पुन्हा दिसायला लागतो.

ठिपका पहिल्यांदा विझला तेव्हा चक्र सेकंदाला १२.६ फेरे घेत होतं. ७२० दात आणि ७२० फटी म्हणजे एका फेऱ्यात १,४४० घरं. त्यामुळे एक घर पुढे सरकायला लागलेला वेळ सेकंदाचा १८,१४४वा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश गेला दुप्पट अंतर, १७,२६६ मीटर. गुणाकार करा: सेकंदाला सुमारे ३,१३,००० किलोमीटर. खऱ्या आकड्यापेक्षा साडेचार टक्के जास्त. इथे घड्याळ म्हणून जे होतं ते दात्यांचं चक्र, आणि ते सेकंदाचे अठरा हजार तुकडे करत होतं. ठिपका नेमका कधी पूर्ण विझला हे डोळ्यानेच ठरवायचं, त्यामुळे ही चूक राहिली.

फिझोच्याच देशातल्या फूकोने चक्राच्या जागी फिरता आरसा आणला. प्रकाश जाऊन येईपर्यंत आरसा किंचित वळलेला असतो, त्यामुळे परतलेला ठिपका बाजूला सरकतो, आणि किती सरकला ते शांतपणे मोजता येतं. अंतर एकदम कमी झालं, प्रयोग खोलीत मावला. १८५० मध्ये त्याने पाण्यात प्रकाश हवेपेक्षा हळू जातो हे दाखवलं आणि १८६२ मध्ये २,९८,००० किलोमीटर हा आकडा दिला. पाण्याची गोष्ट लक्षात ठेवा, माझ्या कामाशी तिचा संबंध आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल्सनने हेच तंत्र आयुष्यभर घासूनपुसून धारदार केलं. १८७९ मध्ये त्याचा आकडा आला २,९९,९१०. मग १९२६ मध्ये कॅलिफोर्नियात माउंट विल्सन आणि माउंट सॅन अँटोनिओ या दोन डोंगरांमध्ये त्याने प्रयोग मांडला. अंतर सुमारे ३५.४ किलोमीटर. आठ बाजूंचा आरसा सेकंदाला ५२८ फेरे घ्यायचा, म्हणजे प्रकाश ७१ किलोमीटर जाऊन येईपर्यंत आरशाची बरोबर पुढची बाजू समोर यायची. निकाल २,९९,७९६, चूक ४ किलोमीटर इकडेतिकडे. आज माहीत असलेल्या आकड्याच्या किती जवळ आहे पाहा. आणि या प्रयोगातलं एक मोठं, वेळखाऊ काम कुठलं होतं? त्या दोन शिखरांमधलं अंतर मोजणं. अमेरिकेच्या सरकारी सर्वेक्षण खात्याने त्यासाठी खास मोजणी केली. आरशाचे फेरे ट्यूनिंग फोर्कशी ताडून पाहता येत होते, पण डोंगर ते डोंगर फीत लावता येत नाही.

यानंतर जे झालं ते भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच येतं. हवेचा अडथळा नको म्हणून मायकेल्सनने एक मैल लांबीची नळी निर्वात करून त्यात प्रयोग सुरू केला. १९३१ मध्ये तो वारला, सहकाऱ्यांनी काम पूर्ण केलं आणि उत्तर आलं २,९९,७७४. नळी गाळाच्या जमिनीवर होती आणि ज्या अंतरावर मोजणी उभी होती तेच हलत होतं. त्याच सुमारास वेगळ्या तंत्रांनी केलेल्या इतर मोजण्याही २,९९,७७० ते २,९९,७८० च्या दरम्यान आल्या. सगळे एकमेकांशी जुळतायत म्हटल्यावर १९४१ मध्ये २,९९,७७६ हा आकडा सर्वमान्य झाला. तो चुकीचा होता. डोंगरांमधला जुना प्रयोग सत्याच्या जास्त जवळ होता.

ही चूक उघडी पाडली ती प्रकाश मोजणाऱ्यांनी नाही, रेडिओ आणि रडारवाल्यांनी. रडारने जमिनीची अंतरं मोजणाऱ्यांना सर्व्हेच्या आकड्यांशी मेळ बसेना, वेग वाढवून धरला तर बसायचा. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत लुई एसेनने तर धावणारा प्रकाश सोडूनच दिला. त्याने धातूचा एक पोकळ सिलिंडर घेतला, आत मायक्रोवेव्ह लहरी कोंडल्या, आणि कुठल्या वारंवारतेला, म्हणजे सेकंदाला किती कंपनं असताना, त्या आत नेमक्या बसतात ते पाहिलं. सिलिंडरची मापं माहीत, म्हणून लहरीची लांबी माहीत. लांबी गुणिले वारंवारता म्हणजे वेग. १९५० मध्ये त्याने सांगितलं २,९९,७९२.५, चूक ३ किलोमीटर. मान्य आकड्याच्या विरोधात तो उभा राहिला होता आणि त्याचंच बरोबर ठरलं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त आदर वाटतो तो या माणसाबद्दल. पुढे १९५५ मध्ये पहिलं भरवशाचं सीझियमचं आण्विक घड्याळ त्यानेच सहकाऱ्याबरोबर बनवलं.

एसेनची पद्धत तुम्हाला घरी करून बघता येते. मायक्रोवेव्ह ओव्हनमधली फिरती थाळी काढून ठेवा, सपाट बशीत चॉकलेटची वडी ठेवा आणि काही सेकंदच चालवा. वडी सगळीकडे सारखी वितळत नाही, ठरावीक अंतराने डाग पडतात. शेजारच्या दोन डागांमधलं अंतर साधारण ६ सेंटिमीटर भरतं, ती अर्धी लहर. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर २,४५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. १२.२ सेंटिमीटर गुणिले सेकंदाला २४५ कोटी: आले २,९८९ कोटी सेंटिमीटर, त्याला लाखाने भागलं की झाले सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. डाग पसरट असतात, त्यामुळे दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणारच.

आता तुमचा तिसरा प्रश्न. १९७२ मध्ये अमेरिकेत बोल्डर इथल्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेत इव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी एसेनचीच कल्पना लेझरवर वापरली. मिथेन वायूवर बांधून स्थिर केलेला हीलियम-निऑन लेझर, अवरक्त प्रकाशाचा. त्याची वारंवारता सेकंदाला ८८ लाख कोटींहून जास्त कंपनं. ही कंपनं थेट मोजणारं काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी सीझियम घड्याळापासून सुरुवात करून मायक्रोवेव्ह, मग एकापुढे एक वाढत्या वारंवारतेचे लेझर अशी साखळी रचली, आणि प्रत्येक पायरीवर टंगस्टनच्या सुईसारख्या तारेचं टोक धातूवर टेकवून बनवलेल्या डायोडने खालची वारंवारता पटीत वाढवून वरच्याशी ताडून पाहिली. वारंवारता मिळाली ८८.३७६१८१६२७ टेराहर्ट्झ. लहरीची लांबी ३.३९२२३१३७६ मायक्रोमीटर. गुणाकार २९,९७,९२,४५६.२ मीटर प्रति सेकंद, चूक फक्त १.१ मीटर.

ही १.१ मीटरची चूक आली कुठून? वारंवारतेतून जवळजवळ नाहीच. ती आली मीटरमधून. तेव्हा मीटरची व्याख्या क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी रेषेच्या १६,५०,७६३.७३ लहरी अशी होती. ती रेषा दोन्ही बाजूंना सारखी नव्हती, किंचित एका अंगाला झुकलेली होती. तिचा मध्य कुठे धरायचा यावरच मीटर थोडा लांब-आखूड व्हायचा. म्हणजे प्रकाशाचा वेग हा मीटरपेक्षाच जास्त अचूक कळायला लागला. फूटपट्टी मोजायच्या वस्तूपेक्षा कच्ची निघाली.

मग व्यवहाराचा निर्णय झाला. १९७५ मध्ये २९,९७,९२,४५८ हा आकडा शिफारस म्हणून ठरला आणि १९८३ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मीटरची व्याख्याच उलटी फिरवली: निर्वातात प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढं अंतर कापतो तो मीटर. त्यामुळे या आकड्यात चूक शून्य आहे, कारण तो आता मोजलेला नाही, ठरवलेला आहे. चूक नाहीशी झाली असं नाही, ती मीटरच्या बाजूला गेली. आज कोणी प्रयोगशाळेत प्रकाशाचा वेग "मोजला" आणि ४५९ आलं, तर त्याचा अर्थ त्याची पट्टी बरोबर नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आपल्या देशाचा मीटर याच पद्धतीने, आयोडीनवर स्थिर केलेल्या लेझरच्या आधारे सांभाळला जातो.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती हमखास विचारली जाते. फिझोपासून मायकेल्सनपर्यंत जे मोजलं तो येऊन-जाऊन वेग होता. फक्त जाण्याचा वेग मोजायचा तर दोन टोकांना दोन घड्याळं आणि ती एकमेकांशी जुळवलेली हवीत. जुळवायला पुन्हा संकेतच पाठवावा लागतो. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरून घड्याळं जुळवायची हे ठरावाने घेतलं.

आता माझ्या कामाकडे येतो. वर म्हटलेला २९,९७,९२,४५८ हा वेग निर्वातातला. काचेत प्रकाश हळू जातो, फूकोच्या पाण्यात गेला तसाच. निर्वातापेक्षा किती पट हळू, हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. आम्ही वापरतो त्या सिंगल मोड फायबरचा अपवर्तनांक १५५० नॅनोमीटर लांबीच्या लहरीला १.४६८ धरतात. म्हणजे फायबरमध्ये वेग सेकंदाला सुमारे २,०४,००० किलोमीटर. कामाच्या भाषेत एका मीटरला जवळपास ५ नॅनोसेकंद, हे आम्हाला पाठच असतं.

फॉल्ट शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र लावतो. ते फायबरमध्ये लेझरचा एक छोटा पल्स सोडतं आणि काचेतून विखरून मागे येणारा क्षीण प्रकाश वेळेनुसार मोजत राहतं. स्क्रीनवर उतरती रेघ दिसते. स्प्लाइस, म्हणजे दोन फायबरचा सांधा, आला की बारीकशी पायरी, कनेक्टर आला की उंच टोक, आणि जिथे केबल तुटली तिथे रेघ धाडकन खाली. १० नॅनोसेकंद म्हणजे फायबरचा एक मीटर, कारण प्रकाश गेलाही आणि आलाही. फिझोच्या चक्राने सेकंदाचे अठरा हजार तुकडे केले होते, हातात धरता येणारं हे यंत्र कोट्यवधी करतं. वेळेचा प्रश्न सुटलेलाच आहे.

तरीही कट चुकीच्या जागी खोदला जातो. समजा तुटलेली जागा खरोखर २० किलोमीटरवर आहे आणि यंत्रात अपवर्तनांक १.४६८ ऐवजी १.५० राहून गेला. यंत्र दाखवणार १९.५७ किलोमीटर, म्हणजे सव्वाचारशे मीटर अलीकडे. रात्री पावसात खोदणाऱ्या टीमसाठी सव्वाचारशे मीटर म्हणजे पूर्ण वेगळी जागा. आणि अपवर्तनांक अगदी बरोबर असला तरी यंत्र सांगतं ती फायबरची लांबी, रस्त्याची नाही. फायबर केबलच्या आत पीळ घेऊन बसलेला असतो, केबलपेक्षा किंचित लांब. शिवाय दर चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटरचा लूप ठेवलेला असतो. म्हणून जुने लोक जवळच्या ओळखीच्या जॉइंटपासून अंतर धरतात, ऑफिसपासून नाही. नवीन मुलांना मी पहिल्यांदा हेच शिकवतो.

नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही हाच हिशेब वेगळ्या कामासाठी चालतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, जवळपास २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या, आणि त्यांचे संकेत फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात. १४ किलोमीटर फायबरमधून येणारा संकेत सुमारे ६९ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो, शेजारच्या डिशचा लगेच. सगळ्या वाटांचे उशीर जुळवून घेतल्याशिवाय चित्रच तयार होत नाही.

तुम्हाला कॉलेजमध्ये स्वतः मोजायचं असेल तर फायबरचं काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून अर्ध्या दिवसासाठी ओटीडीआर मागा. २ किलोमीटरच्या फायबरवर टोकाकडून येणारा परावर्तित पल्स १९.६ मायक्रोसेकंदांनी दिसायला हवा. त्यावरून काचेतला वेग काढा, अपवर्तनांकाने गुणा, निर्वातातला वेग मिळेल. फक्त यंत्राला अंतर न विचारता वेळ विचारा, नाही तर यंत्राने आत भरून ठेवलेला वेगच तुम्हाला परत मिळेल. आणि केबलचा ड्रम वापरू नका, केबलवर छापलेले मीटरचे आकडे आवरणाचे असतात. लांबी मोजून गुंडाळलेल्या नुसत्या फायबरचा रीळ घ्या, त्यावर कारखान्याची लांबी लिहिलेली असते.